ताटापुरती चकली

गणपती पाण्यात गेले की माझा उजवा खांदा दुखायला लागतो. चकल्या पाडणं सोडून कितीतरी वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. असेलही. पण बाकीचं वर्षभर तो गप्प असतो आणि पितृपंधरवडा लागला की बरोबर कुरकुरतो, त्याला वय म्हणायचं की सवय, ते डॉक्टरांनीच ठरवावं.

सीझन म्हणजे दमणूक. लोकांना वाटतं, तळण्याने माणूस दमतं. तळणं काय, हात आपोआप करतात. दमवतो तो आधीचा विचार. यंदा किती खपेल? भाजणी किती दळून ठेवायची? तेल कुठून आणायचं, रॉकेल पुरेल का, आणि उरलं तर खायचं कोणी? हल्ली म्हणे कॉम्प्युटर सांगतो, दिवाळीला किती माल जाईल. सांगत असेल बापडा. आमच्या चाळीत येऊन विचारलं असतं तर लोकांनी त्यालाही तोंडावर खोटंच सांगितलं असतं.

मी हे सांगतेय ते गिरण्यांच्या संपातल्या दुसऱ्या दिवाळीचं. खरं तर तेव्हा संप होता की नव्हता, हेच कोणाला नीट सांगता येत नव्हतं. कोणी मागे घेतला नव्हता आणि कोणी जिंकलाही नव्हता. काही जण मान खाली घालून कामावर गेले होते. काहींना गेटवरूनच परत पाठवलं होतं. माझा नवरा साच्यावर होता, म्हणजे मागावर. सकाळी आंघोळ करून, भांग पाडून तो गेटवर जायचा आणि दुपारी तसाच परत यायचा. काय झालं, असं मी सुरुवातीला विचारायची. पुढे पुढे त्याच्या चपला काढण्यावरूनच कळायचं.

पहिल्या वर्षीच्या पावसाळ्यात आम्ही मुलीला माझ्या माहेरी पाठवलं होतं. कोकणात माझ्या भावाची शेती होती, घरात तांदूळ होता. चाळीतल्या निम्म्या घरांनी पोरं गावी धाडली होती, त्यामुळे त्यात वेगळं असं काही वाटलं नाही, निदान दिवसा तरी. चार महिन्यांत सगळं सुरळीत होईल असं सगळेच म्हणत होते. चार महिन्यांचं वर्ष झालं आणि वर्षाला पुन्हा शेपूट फुटलं.

दुसऱ्या वर्षी गणपतीला मी गावी गेले. मुलगी उंच झाली होती. मला बघून धावत आली, पण मिठी मारायच्या आधी क्षणभर थांबली. कोणी नवीन पाहुणा आला की मुलं थांबतात तशी. निघायच्या दिवशी भाऊ मला पडवीत घेऊन बसला. भाऊ वाईट माणूस नाही, पोरीला त्याने स्वतःच्या मुलांहून कमी केलं नाही. तो म्हणाला, ‘‘ताई, माझ्याकडे ती जड नाही. पण आता ती तुझ्या वहिनीला हाक मारते ती आईला मारावी तशी मारते. न्यायची तर या दिवाळीला ने. नाहीतर सातवीपर्यंत इथेच राहू दे, मध्येच उपटू नको.’’

मी म्हटलं, दिवाळीला नेते. म्हटलं खरं, पण कशाच्या जोरावर म्हटलं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी लालबागच्या आमच्या खोलीत थोडंफार तळण करून द्यायची. खालच्या मजल्यावरची एक मैत्रीण जोडीला होती. तिचाही नवरा गिरणीतला, त्याच खात्यातला. ती बौद्ध, तिच्या घरी दिवाळी नसायची. ‘‘आमच्यात दिवाळी नाही, म्हणून तर तुमच्या दिवाळीला माझे हात मोकळे,’’ असं ती म्हणायची आणि भाजणी भाजायला बसायची. डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, एकीचा रंग दुसरीला लागू द्यायचा नाही, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तोंडाने फटकळ होती. मीही काही कमी नव्हते, म्हणून जमलं.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे गिरगावात फणसवाडीतलं एक दुकान. पापड, लोणची, मेतकूट, उपासाची भाजणी असलं सगळं तिथे मिळायचं. दुकानदार वयस्कर, कपाळावर आठी घेऊनच जन्माला आलेला. पण त्याला बाजार कळायचा. तो म्हणायचा, नवरात्रात भाजणीला किती बायका आल्या यापेक्षा किती बायका ऑफिसची पर्स घेऊन आल्या ते मी बघतो. पर्सवाल्या दिवाळीला तळायला बसणार नाहीत. त्या वर्षी त्या वाढल्या होत्या. त्याने मला विचारलं, ‘‘बाई, डबे भरून चकली वसुबारसेच्या सकाळी देणार का? हो म्हणायचं तर आत्ता म्हणा. गिऱ्हाईक दारात उभं असताना मला सबबी नकोत.’’ आणि मग, पुडी बांधता बांधता, सहज बोलावं तसं म्हणाला की दिवाळी नीट पार पाडलीत तर पाडव्यानंतर मेतकूट आणि भाजणीचं बारमाही काम तुमच्याकडेच देईन.

बारमाही हा शब्द मी बसमध्ये लालबागपर्यंत मनात घोळवत आले. बारमाही काम म्हणजे मुलगी घरी. इतकं सरळ होतं ते.

आता माल. रेशनवर पामतेल आणि दिवाळीची जादा साखर यायची, पण एका कार्डावर आमचं काय भागणार? बाहेरचं तेल घ्यायचं तर बारमाहीऐवजी बारा वाजायचे. आणि रॉकेल तर बाहेर मिळतच नव्हतं. तेव्हा मी एक शक्कल काढली. चाळभर फिरले. दारोदार जाऊन विचारलं, यंदा फराळ करणार का? एकूण एक बाई म्हणाली, ‘‘यंदा कसली दिवाळी?’’ कोणी हे हसून म्हणाली, कोणी दुसरीकडे बघून. मग मी म्हटलं, तुम्ही करणार नसाल तर तुमच्या कार्डावरचं दिवाळीचं तेल मला घेऊ द्या, रॉकेलमधलं थोडं द्या. रेशनच्या भावाने घेते. सगळ्यांनी दिलं. माझ्या शेजारणीने तर कार्ड स्वतःहून हातात ठेवलं. ही शेजारीण घाटावरची, सुगरण, आणि विकतच्या फराळाला नाक मुरडणारी. ‘‘विकतची चकली खाण्यापेक्षा दिवाळीला कुलूप लावीन,’’ हे तिचं दरवर्षीचं वाक्य. त्या वर्षी ते तिने म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

अशा रीतीने चाळीची न होणारी दिवाळी माझ्या पिंपात जमा झाली. गाव करी ते राव न करी, असं मी त्या तेलाकडे बघून म्हटलंसुद्धा. आणि हिशोब असा मांडला की चाळीत एकही चकली खपणार नाही, जे करायचं ते सगळं गिरगावला. चाळीसाठी मी एक मूठही धरली नाही.

नवऱ्याला हे काही आवडत नव्हतं. बोलला नाही कधी. स्टोव्ह पेटला की तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा. बायकोने तळावं आणि आपण बघावं, हे त्याला सहन होत नव्हतं, आणि मदत करावी तर तेही होत नव्हतं. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. राग जास्त यायचा, कारण स्टोव्हची पिन शोधायला तरी मला माणूस हवा होता.

तळण चाललं आठवडाभर. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी झालं की दात पडतात. गिरगावकरांना तिखट कमी हवं, वर ‘घरच्यासारखी’ही हवी. माझ्या सोऱ्याच्या ताटलीचा एक दात झिजलेला होता, त्यामुळे चकलीची एक कड गुळगुळीत यायची. नवीन ताटली घ्यायचं मनात होतं, ते राहूनच गेलं. मैत्रीण म्हणायची, ‘‘राहू दे, चकली चोरीला गेली तर ओळखता येईल.’’ वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी डबे भरून, कागद घालून, झाकणं दोऱ्याने बांधून भिंतीला लावले. आम्ही दोघी जमिनीवर पाय पसरून बसलो. चहा करायचंही त्राण नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या खोलीतली बाई आली. दारातच उभी राहिली. पदराखाली ताटली होती. म्हणाली, ‘‘पावशेर देशील काय गो? पोरांसाठी नाही मागत. ती गावी आहेत. पण कोणाकडून ताट आलं तर रिकामं कसं परत धाडू?’’

तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. एकीला पाहुणे येणार होते. एकीची सासू आजारी होती आणि तिने चकलीच मागितली होती. एकीने काहीच कारण सांगितलं नाही, नुसती वाटी पुढे केली. कारणं निरनिराळी, गोष्ट एकच. आमच्या चाळीत दिवाळीला ताटं फिरतात. या घरचा फराळ त्या घरी जातो, आणि गेलेलं ताट रिकामं परत येत नाही. खायला नसलं तर माणूस उपाशी राहील, पण शेजाऱ्याचं ताट रिकामं पाठवणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी खाणारी तोंडं मोजली होती आणि फिरणारी ताटं विसरले होते. आणि मुळात मी हे दारात उभं राहून, सगळ्यांच्या देखत विचारलं होतं. ‘दिवाळी करणार का’ असं संपातल्या बाईला तोंडावर विचारल्यावर ती दुसरं काय सांगणार?

मला इतका राग आला की रडू येईना. तेव्हाच का नाही सांगितलंत, असं मी त्या समोरच्या बाईवर ओरडले. ती ताटली पदराखाली घेऊन उभी राहिली. मी बंद डब्यांकडे बघत होते. त्यांतला एक उघडला तर गिरगावात कमी पडणार, कमी पडलं तर दुकानदाराची आठी, आणि आठीपुढे बारमाही काम कुठलं? मुलीचा चेहरा माझ्यासमोर आला. मिठी मारण्याआधीचा तो थांबलेला चेहरा.

मैत्रीण पाय आखडून उठली. म्हणाली, ‘‘तेल कोणाचं आहे?’’

‘‘विकत घेतलंय,’’ मी म्हटलं.

‘‘रेशनच्या भावाने. दिवाळीच्या भावाने नाही.’’

मी तिच्याशी भांडले असते. पण गॅलरीतून नवरा आत आला. त्याने सगळं ऐकलं होतं. डब्याच्या दोऱ्याची गाठ त्याने सोडली, कात्री न लावता, नखाने. साच्यावर तुटलेला धागा जोडणारी बोटं ती. झाकण काढलं आणि म्हणाला, ‘‘दे त्यांना. मागे भाजलेलं धान्य थोडं उरलंय ना? मी दळून आणतो.’’

त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्या कामासाठी घराबाहेर पडला. दळणाचा डबा खांद्यावर घेऊन, ज्या नाक्यावर त्याचे गेटवरचे सोबती उभे असायचे त्या नाक्यावरून. कोणी काही बोललं का, मी विचारलं नाही. परत आला तो पिठाने पांढरा झालेला, आणि बसला तो थेट सोऱ्या घेऊन. त्याच्या पहिल्या चकल्या वाकड्यातिकड्या झाल्या. मैत्रीण म्हणाली, ‘‘भावजी, ही चकली की सापाचं पिल्लू?’’ तो हसला. संप लागल्यापासून त्याचं हसणं मी बघितलं नव्हतं. हसताना तो थकलेला दिसला, हे मला फार लागलं. स्टोव्ह फुरफुरायला लागला तेव्हा बायका एकेक करून येऊन आपापल्या स्टोव्हमधलं रॉकेल आमच्यात ओतून गेल्या.

शेजारीण सगळ्यांत शेवटी आली. तिन्हीसांज झाली होती. ताटली नाही, वाटी नाही, रिकाम्या हाताने आली. इकडचं तिकडचं बोलली. मी कागदात चकल्या बांधल्या आणि तिच्याकडे न बघता तिच्या ओट्यावर ठेवून आले. त्यावर आम्ही कधीच काही बोललो नाही.

तरी धान्य पुरलं नाही. एक डबा कमी पडला तो पडलाच. सकाळी बसमध्ये डबे चढवताना कंडक्टरने कुरकुर केली, तीही ऐकून घेतली. फणसवाडीत दुकानदाराने डबे मांडले, मोजले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी खरं ते सांगून टाकलं. थापा मारण्याइतकीही ताकद उरली नव्हती. तो म्हणाला, ‘‘चाळीला वाटायचं असेल तर धर्मशाळा काढा, माझ्याकडे कशाला येता?’’ मी मान खाली घालून उभी राहिले. त्याने एक चकली मोडली, खाल्ली, दुसरी मोडली. मग म्हणाला, लक्ष्मीपूजनापर्यंत गिऱ्हाईक येतं, राहिलेला डबा तोवर आणून द्या. मी पायरी उतरल्यावर मागून त्याचा आवाज आला, ‘‘आणि मेतकुटाच्या डाळी पाडव्यानंतर घेऊन जा. उशीर नको.’’

मी गिरगावातून चर्नी रोडपर्यंत चालत आले आणि स्टेशनबाहेर कठड्यावर बसून राहिले. आनंद झाला होता. पण उठवत नव्हतं.

नव्याने थोडं धान्य आणून, भाजून तो राहिलेला डबा भरून दिला आणि घरात चकलीचा तुकडा उरला नाही. भाजणी संपली, तेल संपलं. मुलगी पाडव्याला आली, गावच्या एका काकांबरोबर एसटीने. केसांना माझ्या वहिनीने लावलेलं तेल, वेण्या वर बांधलेल्या, तशा मी कधी बांधत नसे. खोलीत येऊन तिने सगळीकडे नजर फिरवली आणि कोपऱ्यातला स्टोव्ह बघून म्हणाली, ‘‘इथे चूल नाही?’’ माझ्याच घरात मी तिला पाण्याचा हंडा कुठे आहे ते दाखवलं.

सकाळपासून ताटं येत होती. प्रत्येक ताटात थोडा चिवडा, एखादा लाडू, आणि वर दोन-तीन चकल्या, एक कड गुळगुळीत असलेल्या. मैत्रीण आणि मी पोट धरून हसलो होतो. आमचीच चकली चाळ फिरून आमच्याकडेच परत येत होती. एका ताटात तर नवऱ्याचं सापाचं पिल्लूही आलं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. ‘‘छान झालीय हं तुमची,’’ असं एकमेकींना म्हणत होत्या. आलेलं सगळं आम्ही पुढच्या ताटांत घालून परत धाडत होतो, त्यामुळे घरात काही साठतच नव्हतं.

मुलगी हातपाय धुऊन बसली आणि शेजारीण ताट घेऊन आली. मुलीच्या तोंडावरून हात फिरवून तिने बोटं मोडली, ताट तिच्यापुढेच ठेवलं. मुलीने चकली उचलली. मी बघत होते. लहान असताना ती माझ्या पाठीशी बसायची, सोऱ्यातून पडणाऱ्या चकलीचं कच्चं शेपूट तोडून खायची, ओरडले तरी खायची. तिने घास घेतला. मी वाट बघत होते.

तिने शेजारणीकडे बघितलं आणि शहाण्या पाहुण्या मुलीसारखं म्हणाली, ‘‘काकू, तुमची चकली खूप छान झालीय. मामीची एवढी कुरकुरीत नसते.’’

शेजारणीने माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, ही आता खरं सांगेल. मनातून वाटत होतं, सांगावं. आणि सांगू नये, असंही वाटत होतं, कारण दार उघडं होतं आणि गॅलरीत माणसं होती. तिने मुलीचा गाल ओढला. म्हणाली, ‘‘तुझ्या आईकडनंच शिकले गं बाय.’’

पंधरा वर्षं विकतच्याला नाक मुरडणारी ती बाई, तिने एवढं म्हटलं. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘हो? तुलाही येते?’’

मी येते म्हटलं. सगळ्याचा अंदाज मी बांधला होता, तेलाचा, रॉकेलचा, गिरगावच्या पर्सवाल्यांचा. हिच्या जिभेला माझ्या हाताची चव उरली नसेल, हे काही माझ्या अंदाजात नव्हतं. पुढे ती परत माझी झाली, वेण्याही मी बांधते तशाच बांधून घ्यायला लागली. पण त्याला कितीतरी दिवाळ्या लागल्या.

शेजारीण जायला उठली. मुलीने ताट संपवलं होतं. मी डबे उघडून बघितले, सगळे रिकामे होते. मग साखरेच्या बरणीचा तळ खरवडला, चिमूटभर साखर त्या ताटात घातली आणि तिच्या हातात दिलं.